छपराची दुलई

गादीवालीचा सारा जन्म कापूस पिंजण्यात गेला, पण तिची झोप उडवली ती काचेच्या लोकरीनं. ऊन अडवायला नव्या घराच्या पत्र्याखाली घालायला मिस्त्रीनं तिचे गुंडाळे आणले आणि त्यातला एक उलगडला मात्र, दारात उभी असलेली धाकटी लेक शिंकून शिंकून बेजार झाली. पोर आधीच दम्याची. संध्याकाळपर्यंत तिची छाती शीळ घालत होती.

"हे माझ्या घरात नको," गादीवाली म्हणाली. "मेंढीची लोकर घालू."

"छपराला स्वेटर घालायचाय का वहिनी?" मिस्त्री हसला.

"अगं, त्यांचं काम त्यांना करू दे," नवरा पुटपुटला.

बाई हट्टाला पेटली. कसर लागू नये म्हणून टाकणखाराच्या, म्हणजे बोरॅक्सच्या, पाण्यात भिजवून वाळवलेली लोकर तिनं मिळवली आणि 'पेट घेईल' म्हणणाऱ्या मिस्त्रीसमोर तिला काडी लावली. लोकर जरा करपली आणि आपोआप विझली. मिस्त्री वरमला, पण लगेच हार मानेल तर तो मिस्त्री कसला!

"धाकटीच्या खोलीवर भरतो. दुपारी तापली, तर काचच घालायची. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दुपारी खोलीची भट्टी झाली. मिस्त्रीनं मिशीला पीळ दिला. पोरीनं काय आता जन्मभर त्या छपराखाली खोकायचं? ती तडक शिडीवर चढली, छताची फळी सरकवून आत हात घातला आणि कडाडली, "अहो, ठासून भरलीत की!"

"मग? काम पक्कं नको?"

"गादी ठासली की फळी होते, मिस्त्री! लोकर नुसती असून भागत नाही, तिच्यात हवा राहावी लागते."

तिनं सगळी लोकर उपसली, हातानं मोकळी केली, पातळ कापडात पसरून टाके घातले. दोन दिवस नवरा चष्मा लावून मुकाट्यानं सुईत दोरा ओवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुलई पत्र्याखाली बसली. दुपारी ऊन मी म्हणत होतं. मिस्त्री घाम पुसत आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. खोली गार होती.

"वहिनी!"

"हळू बोला."

धाकटी फरशीवर गाढ झोपली होती, तोंड मिटून. गादीवालीनं वाकून तिच्या छातीला कान लावला. शीळ नव्हती. जिंकले, असं गल्लीभर ओरडत सुटावंसं तिला वाटलं.

मिस्त्री कुजबुजला, "माझ्या आईलाही दमा आहे. तिच्या खोलीला असलं काही शिवून द्याल?"

"देईन की," गादीवाली म्हणाली. "फक्त स्वेटर म्हणायचं नाही."