शेवटची सोळा पानं

पुस्तकाचा शेवट काय होता, एवढंच विचारलं होतं गुलफशानं. आणि महेजबीनला तो आठवत नव्हता.

आनंदरावांच्या कॅफेत दोनच कॉम्प्युटर. एकावर कॉलेजची पोरं घोळका करून बसायची. दुसरा भिंतीला तोंड करून, मध्ये प्लायवूडचा आडोसा. त्या आडोशामागं महेजबीन पडद्यावरच्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. वाचताना अडखळायला होत होतं, अर्थ मात्र लख्ख होता.

'तू खरंच आपा असशील तर सांग. त्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं फाटलेली होती. आपण त्याचा शेवट काय ठरवला होता? एकदाच विचारते. चुकीचं उत्तर आलं तर हे खातं बंद. मागच्या वर्षी फसले, आता नाही.'

"अर्धा तास झाला बरं का, नूरभाईंच्या थोरल्ये," आनंदरावांनी गल्ल्यावरून हाक दिली. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. घड्याळाकडं बघूनच श्वास घ्यायचा. "वाढवू का?"

"नको काका. पोरगी उठली असंल."

ती उठली. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत हाच प्रश्न घेऊन ती भोरच्या बाजारपेठेतून चालत होती. भाजी घेताना, अम्माची चादर पिळताना, लेकीच्या, नाजूच्या वेण्या घालताना, तोच प्रश्न. सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात खाट मिळणार होती. अम्माच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टर म्हणाले होते, आता दिवस घालवू नका. पण अम्मा, हलिमाबी, नूरुद्दीन टेलरची बायको, उशीवरून मान न उचलता म्हणाली होती, "आधी गुल्लूचा आवाज ऐकवा. मग मला कुठंबी न्या, कापा, शिवा. त्याबिगर म्या सही करनार न्हाई."

आणि ती जेवणही सोडत चालली होती. काल दिवसभरात चार चमचे पेज.

गुलफशा धाकटी. नर्सिंगला पुण्याला गेली आणि तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्याच एका कंपाउंडरशी आपल्या मनानं लग्न करून मोकळी झाली. अब्बा तोवर गेले होते. भावानं, झुल्फिकारनं, घरात तिचं नाव काढायला बंदी घातली. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मागच्या वर्षी त्यानं ऑर्कुटवर महेजबीनच्या नावानं खातं उघडलं, 'मी आपा, तुझी लई आठवण येते, पत्ता दे' असं लिहिलं. त्या वेडीनं पत्ता दिला. हा गेला, घरमालकाच्या अंगणात उभा राहून तिच्या नवऱ्याला नाही नाही ते बोलला. मालकानं आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावली. त्यानंतर गुलफशाचा फोन बंद, पत्ता कुणाला ठाऊक नाही.

महेजबीन तेव्हा वेल्ह्याला सासरी होती. तिला हे कळलं ते झुल्फिकारच्याच तोंडून, आणि कळलं तेव्हा ती त्याला रागावलीही नाही, नुसता फोन ठेवून दिला. त्याची बोच अजून होती.

अम्मा आजारी पडल्यावर ती तीन वर्षांच्या नाजूला घेऊन भोरला आली ती राहिलीच. तिचा नवरा अमीर वेल्ह्याहून दुधाचा टेम्पो घेऊन उतरला की वाकडी वाट करून भेटून जायचा. "अजून किती दिस, महेजबीन?" विचारायचा, आणि तिचा चेहरा बघून स्वतःच म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. म्या करतो हातानं."

दुपारी अम्माचा आणि नाजूचा एकदमच डोळा लागायचा. तो तास महेजबीनचा. त्या तासात तिनं कॅफे गाठला, आनंदरावांकडूनच ऑर्कुटचं खातं उघडायला शिकली. पण नाव काय द्यायचं? स्वतःचं दिलं तर गुलफशाला वाटणार, भाऊच पुन्हा आला. खोटं दिलं तर ओळखणार कशी? मग त्या पानावर आवडीनिवडींचे रकाने दिसले. आवडतं खाणं. आवडती मालिका. आवडतं पुस्तक. लोक तिथं जगभरची नावं लिहीत. तिनं नावाच्या जागी नुसतं 'काज-बटण' लिहिलं आणि रकाने भरले.

आवडतं खाणं: फणीचा ठसा असलेले चोंगे.

मोहरमला घरोघर गुळाचे चोंगे व्हायचे, सगळ्यांचे लाकडी ठशावर दाबलेले. अम्माचा ठसा एका वर्षी चिरला, तर तिनं कोरी फणी आणून पोळीवर रेघा ओढल्या. चुलत्या हसल्या होत्या, "हलिमा, चोंग्यांची वेणी घालतीस का काय?" तेव्हापासून अम्मानं ठसा घेतलाच नाही.

आवडती मालिका: साळूबाईंच्या खिडकीतून अर्धी दिसणारी कुठलीही.

अब्बांनी घरात टीव्ही येऊ दिला नाही. समोरच्या साळूबाई न बोलता खिडकी उघडी ठेवायच्या आणि आवाज मोठा करायच्या. मध्ये कपाट होतं. दोघी बहिणींनी कित्येक नायक फक्त डाव्या बाजूनं पाहिले. एकदा एकाचा पूर्ण चेहरा मासिकात दिसला तर गुलफशा म्हणाली, "आपा, ह्यो तर दिसायला काईच न्हाई गं."

आवडतं पुस्तक: ज्याची शेवटची सोळा पानं नव्हती ते.

एवढं लिहून, गुलफशाच्या जुन्या खात्याला मैत्रीची विनंती धाडून ती तीन आठवडे वाट बघत बसली. आणि मंगळवारी हा प्रश्न आला.

गोष्ट तिला आठवत होती. वाचनालयातली जाड कादंबरी, पुठ्ठा निघालेला. घरात भांडून निघालेली एक मुलगी, नदीवरची नाव, आणि शेवटच्या उरलेल्या पानावर अर्धंच वाक्य: 'नाव सुटली आणि तिनं मागं वळून'. पुढं काही नाही. महेजबीन तेव्हा सोळाची, गुलफशा दहाची. दुपारभर दोघी अब्बांच्या सदऱ्यांना काजं करत बसायच्या, आणि गुलफशा हट्ट धरायची, "सांग ना, पुढं काय झालं?" मग महेजबीन शेवट रचायची. आज एक, उद्या दुसरा. किती रचले! एकात मुलगी डॉक्टरीण झाली, एकात नाव उलटली. एकात तिला वाघानंही खाल्लं होतं, कारण त्या दिवशी गुलफशानं सुई हरवली होती. पण 'आपण ठरवला' तो कुठला?

शुक्रवारी कॅफेतून निघून ती वाचनालयात गेली. तिथली झाडलोट करणारी अंबूबाई कपाटं पुसत होती. "जुनी समदी रद्दीत गेली, बाई. वाळवीनं पार पीठ केलं हुतं. कंचं पायजे तुला?"

"शेवट नसलेलं."

अंबूबाईनं फडकं थांबवून तिच्याकडं पाहिलं. "बस जरा. पानी पी."

पुस्तक मिळून तरी काय होणार होतं? शेवट त्यात नव्हताच कधी.

शनिवारी सकाळी ती पुन्हा आडोशामागं बसली आणि एका दमात टाईप केलं, 'ती मुलगी घरी परत येते, सगळे तिला माफ करतात.' बोट बटणावर ठेवलं. बहुतेक दिवशी तिनं हाच शेवट केला होता, थोरल्या बहिणीला दुसरं काय सुचणार? पण बोट दाबेना. 'माफ करतात.' हे वाचून गुलफशा काय म्हणेल? हे वाक्य तर झुल्फिकारनंही लिहिलं असतं. हेच लिहील तो.

तिनं एकेक अक्षर पुसलं. पुसताना रडू फुटलं, ते तिनं ओढणीत दाबलं. आनंदरावांनी पोरांना उगाचच दरडावलं, "ए, आवाज कमी!"

घरी आली तर अम्मा जागी होती. नाजू तिच्या पायाशी बसून रिकाम्या रिळांची गाडी चालवत होती.

"कुठं जातीस गं रोज?" अम्मानं विचारलं. "उन्हाची जातीस, डोळं सुजवून येतीस. अमीरशी काय वाकडं हाय का?"

महेजबीननं ठरवलं होतं, अम्माला सांगायचं नाही. आशा लावून ती तुटली तर? पण आता सांगायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं. ती खाली बसली आणि सगळं बोलून गेली. रकाने, चोंगे, खिडकी, सोळा पानं. "अम्मा, मला तो शेवट आठवत न्हाई. म्या लई रचले. माझ्यामुळं ती आता कायमची जाईल."

अम्मानं चादर छातीशी ओढली. महेजबीनला वाटलं, तिला काही कळलंच नाही.

"नावंतली पोरगी ना?" अम्मा म्हणाली.

"तुला ठाव हाय?"

"म्या काय भायेर बसत हुते? हितंच हुते की, मशीनपाशी. तुमी बोलायच्या अन् म्या ऐकायचे. तुझा तर ठरलेला शेवट, पोरगी घरी येती. अन् गुल्लू रडायची. म्हनायची, न्हाई यायची ती. कशापायी यील?"

"मग?"

"मग एक दिस तीच बोलली. म्हनली, पोरीची आई नावंत बसून पल्याड जाती. दारात हुबी ऱ्हाती. पोरगी घाबरती, म्हनती, मला न्यायला आलीस? तवा आई म्हनती, न्यायला न्हाई आले. तुझ्या हातचं जेवायला आले." अम्माला दम लागला. "त्या दिसापास्नं तुमी ती गोष्ट सोडलीत. तू म्हनलीस, ह्योच बरा हाय, ह्योच ठेवू."

महेजबीनला सगळं आठवलं. अर्धवट सदरा, गुलफशाच्या बोटाला टोचलेली सुई, आणि मशीन क्षणभर थांबलेलं.

"अन् म्या काय बोलले ठाव हाय?" अम्मा म्हणाली. "म्हनले, काजं घाला, पुरे झाल्या गोष्टी." तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. "दहा वर्साच्या पोरीनं सांगून ठिवलं हुतं मला. गोष्टीतली आई गेली. म्या तीन वर्सं हितं बसून ऱ्हायले, झुल्फीचं तोंड बघत. जा. लिही जा. उठ."

महेजबीन धावत गेली. अम्माचेच शब्द लिहिले, जसेच्या तसे, एकही न सुधारता. बटण दाबलं. घरी येऊन स्वयंपाक केला. मीठ दोनदा पडलं.

दुपारी पुन्हा निघाली तर नाजू पायांत घुटमळली, झोपायला तयार नाही. तिला कडेवर घेऊन गेली. शनिवारी भोरला पावणेतीनला लाईट जायची. अडीच वाजून गेले होते, आणि पडद्यावर काही नव्हतं. दोन चाळीस. काही नव्हतं. तिनं पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. नाजू कंटाळून आडोशावर टिचक्या मारत होती.

"बंद करून घे गं," आनंदराव म्हणाले. "आत्ता जाईल."

तिनं शेवटचं म्हणून उघडलं.

'आपा. आपा गं. ही तूच. दुपारी दोन ते साडेतीन फोन कर, बाळ तेवढंच झोपतं.' आणि खाली नंबर.

बाळ. ती तो शब्दच बघत राहिली आणि पंखा थांबला. खालचा यूपीएस कुईं कुईं ओरडायला लागला.

"काका, पेन!"

"दोऱ्याला बांधलेलंय बघ."

कागद दिसेना. तिनं नाजूचा तळहात ओढला आणि त्यावर आकडे लिहिले. दहावा लिहिला आणि पडदा काळा झाला.

"मूठ मिटायची न्हाई," ती रस्त्यानं धावता धावता सांगत होती. "हात असाच धर, माझी राणी. असाच."

घरात मोबाईल एकच, झुल्फिकारचा. तो नुकताच टायरच्या दुकानातून जेवायला आला होता. महेजबीन उंबऱ्यात थबकली. अम्मानं तिचा चेहरा पाहिला आणि कोपरावर उठून बसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"झुल्फी, मोबाईल आन हिकडं."

"कुनाला लावायचाय? म्या लावून देतो."

"तू न्हाई लावायचा. तू भायेर जा."

झुल्फिकारनं आईकडं पाहिलं, मग बहिणीकडं. त्याला कळलं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला, मोबाईल खाटेवर ठेवला. "बॅलन्स हाय त्यात," एवढंच म्हणाला, आणि उष्ट्या हातानं बाहेर जाऊन उभा राहिला.

महेजबीननं नाजूची मूठ उघडली. मिटलीच होती, घामानं भिजलेली. नऊ आकडे वाचता येत होते. दहावा एक होता की सात, कळेना. तिच्या तोंडून हुंदका निघाला.

"एक न्हाईतर सात," अम्मा म्हणाली. "दोनच हायेत की. आधी एक लाव."

एकवर कुणी पुरुष खेकसला. तीन वाजून गेले होते. महेजबीननं सात लावला आणि फोन अम्माच्या कानाला धरला. अम्मा ओठातल्या ओठात वाक्य घोकत होती, न्यायला न्हाई, न्यायला न्हाई.

रिंग थांबली. शेजारी बाळ झोपलेलं असताना बोलावं तसा दबका आवाज आला, "हॅलो?"

अम्माचं घोकलेलं सगळं पळालं.

"जेवलीस का गं, गुल्लू?" ती म्हणाली.