होल्डवर वाजणारी धून

महोत्सवाला फिल्म पाठवायला अकरा दिवस उरले असताना संगीतकारानं काखा वर केल्या. त्याला एका मोठ्या मालिकेचं काम मिळालं होतं, आणि हे त्यानं फोन करून नव्हे, दोन ओळींच्या मेसेजनं कळवलं. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकटी म्हणजे घरातलं शेंडेफळ. चाळिशीला टेकली तरी घरच्यांसाठी ती धाकटीच राहिली होती. एरवी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी, गेली दोन वर्षं, सोळा मिनिटांची एक फिल्म करत होती. फिल्म होती तिच्या मावशीवर. मावशीनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्तीच्या दिवशी मुलं उतरल्यावर ती रिकामी बस घेऊन त्याच रस्त्यानं पुन्हा एक फेरी मारते, प्रत्येक थांब्यावर दार उघडते, बंद करते, एवढीच गोष्ट. नटी परवडणारी नव्हती, आणि बस चालवणारी नटी तर शोधूनही सापडली नसती. म्हणून मावशीनंच काम केलं. संकलन दादाचं, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाचं. तेही जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपखाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवून.

घोडं अडलं होतं शेवटच्या प्रसंगावर. शेवटच्या थांब्यावर मावशी इंजिन बंद करते, दार उघडते आणि बाहेर बघत बसते. बावीस सेकंद. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. दादानं तिथे तात्पुरतं म्हणून एक रडवं व्हायोलिन चिकटवून ठेवलं होतं.

चार दिवसांत धाकटीनं तिघा संगीतकारांना गाठलं. पहिल्यानं कंप्युटरमधून चाळीस वाद्यांचा ताफा काढून बसच्या मागे लावला. बस जशी काही लढाईवरच निघाली होती. दुसऱ्याला तिथे गाणंच हवं होतं, आणि ते त्याच्या बायकोनं गायलेलं. तिसरा म्हणाला, "आधी फिल्म बघतो." बघून जो गप्प झाला तो झालाच.

त्यातून पहिला फोनवर बोलताना म्हणून गेला, "बाईंचा चेहरा काही बोलतच नाही. मग संगीतालाच ओरडावं लागणार." फोन स्पीकरवर होता आणि मावशी दारातच उभी होती.

"माझ्यामुळे अडलंय ना गं?" ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं होतं. मला स्टिअरिंग धरता येतं, तोंडं करता येत नाहीत."

"काहीतरीच काय मावशी!"

पण हे म्हणताना धाकटीनं मान वर केली नाही, आणि एकतीस वर्षं आरशातून पोरांवर नजर ठेवलेल्या बाईला तेवढं पुरेसं होतं. मावशी चहा न घेताच गेली. धाकटीला रात्रभर खात राहिलं ते हे, की मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाची भिंगं आली नव्हती. धाकटीनं भिंगं पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं तिला होल्डवर टाकलं आणि धून सुरू झाली. क्लॅरिनेट होतं, बाकी जवळजवळ काहीच नाही. घाईत नसलेल्या माणसानं बोलावं तसं ते वाजत होतं. मधेच थांबत होतं, आणि थांबलेलंही बरं वाटत होतं. धाकटी गिऱ्हाइकाकडे बघत नुसती उभी राहिली.

"मॅडम, भिंगं उद्या निघतील," मुलगी परत येऊन म्हणाली.

"बरं. मला पुन्हा होल्डवर टाकाल का?"

"काय?"

"ती धून कुणाची आहे?"

"तक्रार आहे का?" मुलीचा आवाज बारीक झाला.

"अहो, कौतुक आहे!"

तेव्हा कळलं की धून पॅकिंगमधल्या बाईंची. मालकांना विकतचं संगीत नको होतं, म्हणून बाईंनी घरी वाजवून आणून दिलं. त्या आता निवृत्त झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी आणि दादा त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे लॉण्ड्रीच्या वरची एक खोली. खालची यंत्रं फिरू लागली की खिडकीची तावदानं थरथरायची. बाईंनी खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांना बसवलं, चष्मा पुसला आणि फिल्म पाहिली. व्हायोलिन सुरू झालं तशी त्यांनी हात वर केला.

"हे काय आहे?"

"तात्पुरतं आहे," दादा म्हणाला.

"मग काढा आधी. शेजारी बसून कुणीतरी रुमाल पुढे करतंय असं वाटतं. रडायचं की नाही ते माझं मी बघेन की!"

दादानं व्हायोलिन काढलं. बाईंनी डोळे मिटून नुसता बसचा आवाज ऐकला. मग क्लॅरिनेट जोडलं, इंजिनच्या घरघरीतला एक सूर शोधला आणि त्याच्याच बाजूनं हळूहळू वाजवत गेल्या. गिअर बदलला की सूर खाली यायचा, तशा त्याही खाली यायच्या. शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद झालं आणि त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं.

"आणि इथे?" धाकटीनं विचारलं.

"इथे काही नाही."

"पण चेहरा..."

"चेहऱ्याचं काय? मी चौतीस वर्षं पॅकिंगला होते. शेवटच्या दिवशी टेबल पुसलं आणि अशीच बसून राहिले. माझ्याही तोंडावर काही नव्हतं. यांनी इथे नाटक केलं असतं ना, तर मी तुम्हाला चहा पाजून वाटेला लावलं असतं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिनं भीत भीत मानधनाचा आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "चालेल. फक्त पाट्यांमध्ये 'संगीत' असं लिहून माझं नाव घाला. 'विशेष आभार' मध्ये नको."

खालची यंत्रं दुपारी एक तास बंद असत. त्या तासात, तीन दुपारी मिळून, सगळं ध्वनिमुद्रण झालं. पहिल्या दिवशी मोटारींच्या हॉर्ननं दोनदा मेहनतीवर पाणी फिरवलं, तेव्हा बाईंनी खिडकीला गादी लावली.

मग धाकटी मावशीला आणायला गेली. "मला बघायचं नाही," म्हणत मावशी चप्पल घालून निघालीसुद्धा. टेबलाशी ती हात घट्ट बांधून बसली. शेवटचा थांबा आला. इंजिन बंद झालं. मावशी स्वतःकडे बावीस सेकंद बघत राहिली.

"इथे काहीच लावलं नाहीत?"

"गरजच नव्हती," धाकटी म्हणाली. "तू चांगलं काम केलं होतंस मावशी. मलाच दिसलं नाही. चुकलं माझं."

मावशीचे बांधलेले हात सुटले, आणि तिनं नाक पुसलं.

"पुन्हा लाव बघू," ती दादाला म्हणाली. "दुसऱ्या वळणावर मी गिअर उशिरा टाकलाय."

त्यांनी फिल्म चार वेळा पाहिली. दर वेळी मावशीला चालवण्यात नवीन चूक सापडली, आणि चेहऱ्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी दादानं बटण दाबलं. फिल्म गेल्याची पोच आली तेव्हा धाकटी सोफ्यावर आडवी झाली होती, आणि मावशी तिच्या पायांवर चादर टाकून फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "हो, हो, मीच आहे त्यात. दुसरं कोण चालवणार ती बस!"