टांटी जोसेटा स्वप्नात काय म्हणाली

टांटी जोसेटाचा दगड बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली आडवा पडून होता, आणि अर्लिन रोज त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. आल्यागेल्याला वाटे, बिचारी किती जपते. खरं तर तिला त्या दगडाकडे बघायचंही जिवावर यायचं.

कॅरियाकू बेटावर मेलेल्या माणसाला पुरतात लगेच, पण थडग्यावरचा दगड त्याच्या मर्जीनं बसतो. मेलेलं माणूस घरातल्या कुणाच्या तरी स्वप्नात येतं, आता माझा दगड बसवा म्हणतं, आणि काय खावंसं वाटतंय तेही सांगतं. मग मेंढं कापायचं, गाव जेवू घालायचं, आणि पहिलं ताट बंद खोलीत त्याच्यासाठी वाढून ठेवायचं. स्वप्न खोटं सांगितलं तर ते माणूस त्या ताटाला शिवत नाही, उपाशीच परत जातं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

टांटी म्हणजे मावशी. जोसेटा ही अर्लिनची सख्खी मावशी आणि बाकी गावाची मानलेली. गेल्यापासून ती अर्लिनच्या स्वप्नात एकदाही आली नव्हती. शेजारची मिस ईनिड दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर गाठून विचारायची, आली का गं? तिकडे इंग्लंडात चुलतभाऊ डेझमंडला रजा मिळाली, तेव्हा त्यानंही फोनवर टुमणं लावलं की म्हातारीला आणखी किती ताटकळत ठेवणार. शेवटी अर्लिननं सांगून टाकलं, आली होती. मक्याच्या पिठाचे गोळे, माशाचं कालवण आणि काळ्या मेंढ्याचं मटण मागत होती. कुणी शंका घेतली नाही. काळ्या मेंढ्यासाठी टांटी जीव टाकायची हे कुणाला माहीत नव्हतं?

तर असा तो दिवस ठरला. अंगणात चुली पेटल्या, हंडे चढले, बंद खोलीत पहिलं ताट गेलं. बाप्ये रमच्या बाटल्या घेऊन सावलीत बसले आणि टांटीच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या सांगायला बसलं की गावात चढाओढ लागायची. सतरा वर्षांची असताना ती घरात न सांगता शिडाच्या बोटीवर स्वयंपाकीण म्हणून चढली आणि शंभर बोकडांच्या सोबतीनं त्रिनिदादला गेली. अरुबात तिनं परक्यांचे कपडे धुतले, माराकाइबोत तेलविहिरींवरच्या मजुरांना रांधून घातलं. तिथून स्पॅनिश शिकून आली, त्यातल्या निम्म्या शिव्या. बटाट्यांच्या पोत्यांखाली दारू लपवून आणली आणि झडती घ्यायला आलेल्या शिपायालाच त्यातली पाजली. दोघांनी लग्नाचं विचारलं, त्यांना नाही म्हणाली. तिसऱ्याला तिनं स्वतः विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत विचार करतो. ही दुपारच्या भरतीला बोट धरून निघून गेली.

लोक हसत होते. अर्लिन हंड्यात पळी फिरवत होती आणि तिला काही हसू येत नव्हतं.

गावाला टांटीच्या सफरी आठवत. अर्लिनला आठवायचा तो धक्का. आई लवकर गेली, टांटीनं पदरात घेतलं, आणि अर्लिनचं सगळं लहानपण धक्क्यावर बसून शीड कधी दिसतंय ते बघण्यात गेलं. टांटी यायची, मिठी मारायची, रिबिनी आणायची, माया करायची, आणि पुढच्या बोटीनं परत जायची. तिच्यावर राग धरणं कुणाला जमायचं नाही. अर्लिनलाही जमलं नाही, निदान तोंडावर तरी.

पुढे टांटी म्हातारी होऊन घरी बसली. त्र्याऐंशीव्या वर्षी एका सकाळी म्हणाली, कथबर्टची बोट सेंट मार्टिनला चाललीय, मी जाणार. कथबर्टला सुकाणू धरायला तिनंच शिकवलेलं. तो आता स्वतः कॅप्टन होता आणि टांटीला न्यायला एका पायावर तयार होता. डॉक्टरनंही छाती तपासून सांगितलं, जाऊ द्या, हिचं काळीज तुमच्या-माझ्यापेक्षा धड आहे.

अर्लिन कथबर्टकडे गेली आणि म्हणाली, डॉक्टरनं साफ नको म्हटलंय. बोटीवरच काही झालं तर? तिला थेट सांगितलं तर ती ऐकायची नाही, तेव्हा तू पहाटे लवकर निघून जा. कथबर्ट म्हणाला, ठीक आहे, दोष माझ्यावर येऊ दे. तुम्हा दोघींना एका छपराखाली राहायचंय. चार दिवस रागावेल आणि विसरेल.

टांटी टोपी घालून, पिशवी घेऊन धक्क्यावर गेली तेव्हा बोट केव्हाच निघून गेली होती. ती दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. अर्लिन तिला आणायला गेली, आणि खरं सांगायचं तर, तिला धक्क्यावर वाट बघत बसलेली पाहून अर्लिनला क्षणभर बरं वाटलं. तो क्षण तिला अजून झोपू देत नव्हता.

टांटी विसरली नाही. तिनं आपली खुर्ची समुद्राकडून फिरवून अंगणाकडे तोंड करून मांडली आणि पुन्हा किनाऱ्यावर पाऊल टाकलं नाही. माझ्या हाताखालच्या पोरानं मला अडगळ समजून टाकलं, एवढंच म्हणायची. कथबर्ट आला की घरात निघून जायची. तो अर्लिनला हात जोडून सांगायचा, आता तरी सांग तिला. अर्लिन म्हणायची, उद्या सांगते. असे उद्या पुष्कळ गेले. मरायच्या आदल्या दिवशी टांटी सगळ्यांदेखत बोलली, की माझ्या दगडाला कथबर्टचा हात लागता कामा नये. तेव्हाही अर्लिन उशाशी मूग गिळून बसली.

मेलेल्याचा शब्द जित्यांना मोडता येत नाही. म्हणून आज सगळा गाव अंगणात होता आणि कथबर्ट फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली, चर्चचा काळा कोट घालून उभा होता. भर उन्हात त्यानं कोटाचं एक बटणही काढलं नव्हतं.

आता मिस ईनिडची पाळी आली. तिनं वादळाची गोष्ट काढली. कॅप्टन ओकाऱ्या काढत पडला होता, सुकाणू टांटीच्या हातात, आणि बारा वर्षांचा कथबर्ट डोलकाठीला मिठी मारून रडत होता. टांटीनं आपल्या परकराची नाडी सोडून त्याला काठीला बांधला, आणि एका हातानं परकर, एका हातानं सुकाणू धरून बोट बंदरात आणली. अंगणात हशा पिकला. मग मिस ईनिडनं फाटकाकडे मान वळवली आणि मोठ्यानं म्हणाली, "तिनं ह्याला पडू नये म्हणून बांधलं. आणि ह्यानं काय केलं, तर तिला धक्क्यावर सोडून गेला. अर्लिन होती म्हणून म्हातारीचे शेवटचे दिवस बरे गेले हो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी अर्लिनच्या पाठीवरून हात फिरवला. फाटकाबाहेर कथबर्ट जागचा हलला नाही. त्यानं एक वाक्य बोलायचा अवकाश, खरं काय ते बाहेर आलं असतं, पण त्यानं कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

अर्लिननं पळी खाली ठेवली. आता सांगायचं, असं तिनं ठरवलं. सांगितलं की कथबर्ट सुटेल. गाव आपल्याला काय म्हणेल ते म्हणो. ती अंगणाच्या मधोमध आली, सगळे तिच्याकडे वळले, आणि त्या प्रेमळ तोंडांकडे बघताना तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"स्वप्नातलं एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "टांटी म्हणाली, कथबर्टला आत बोलवा. दगडाला पहिला हात त्याचा लागू दे."

मिस ईनिडनं छातीवर क्रूस काढला. डेझमंड वैतागून म्हणाला, "एवढं महत्त्वाचं, आणि तू मेंढ्याचं तेवढं लक्षात ठेवलंस?" पण तोच धावत फाटकाकडे गेला.

कथबर्ट आत आला. लोकांनी वाट दिली, कुणी रम पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन तो दगडाशी गुडघे टेकून बसला आणि चादरीवर दोन्ही हात ठेवून हमसून रडला. एवढा दांडगा बाप्या रडताना पाहून बायका मागे सरल्या, खोलीत तो आणि त्याच्या मागोमाग आलेली अर्लिन, दोघंच उरली. अर्लिनला वाटलं, चला, निदान ह्याचं तरी ओझं उतरलं. खोट्यानं उतरलं, पण उतरलं.

डोळे पुसून त्यानं वर पाहिलं.

"म्हणजे कळलं तिला," तो म्हणाला. "मी टाकलं नव्हतं, हे कळलं."

"हो," अर्लिन म्हणाली. "कळलंय."

"किती वर्षं मी देवाजवळ एवढंच मागत होतो." त्यानं खोल श्वास घेतला. मग अगदी मायेनं त्यानं विचारलं, "आणि अर्लिन, सगळं कळल्यावर तुला काय म्हणाली गं ती?"

बाहेर मिस ईनिड बायकांना पानं मांडायला सांगत होती. बाजूच्या बंद खोलीत पहिलं ताट वाढलेलं होतं.

"माझ्याशी नाही बोलली," अर्लिन म्हणाली. त्या दिवसात खरं असं तिनं एवढंच सांगितलं.

कथबर्टनं तिचा हात हातात घेतला. "बोलेल," तो म्हणाला. "माझ्यावरचा राग गेला, तुझ्यावरचाही जाईल. आज पोटभर जेवू दे तिला."