लवकर हार मानणारा बोर्ड

पलंगाची डोक्याकडची बाजू मोटारीवर वर-खाली करायची, हे मास्तरांनी मनावर घेतलं त्याला कारण होतं. मास्तरीणबाईंच्या छातीत दम उरला नव्हता. सपाट झोपलं की त्यांचा श्वास कोंडायचा, आणि मग कुणीतरी त्यांना उचलून बसतं करावं लागायचं. आजवर ते काम मास्तरांचे हात करत होते. लेक म्हणत होती, आईला शुश्रूषागृहात हलवू या, तिथे तशा खाटा असतात, माणसं असतात. आईला घर सोडायचं नव्हतं. शेवटी ठरलं असं, की रविवारी लेक येईल, पलंग स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि मग काय तो निर्णय होईल.

मास्तरांना हे काम डाव्या हाताचा मळ वाटलं. शाळेच्या कार्यशाळेत त्यांनी उभी हयात मुलांना मोटारी फिरवायला शिकवल्या होत्या. पहिल्याच तासाला ते सांगत, की चिप म्हणजे शहाणी मालकीण. हुकूम सोडेल, पण स्वतः पोतं उचलणार नाही, तेवढी ताकदच नसते तिच्यात. हुकूम ऐकून मोटारीला वीज पुरवणारा, तिला उलट-सुलट फिरवणारा गडी म्हणजे ड्रायव्हर बोर्ड. गडी चुकीचा ठेवलात, तर मालकीण कितीही शहाणी असो, काम बोंबललंच म्हणून समजा.

गडी त्यांनी सवयीने निवडला. मोटार चालताना तीन अँपिअर वीज ओढत होती, म्हणून पाच अँपिअरचा बोर्ड आणला. वर दोन राखीव. पलंगाखाली आडवं पडून तारा जोडल्या, बटण दाबलं. रिकामा पलंग डौलात वर गेला, तसाच खाली आला. उशा रचून पाहिलं, तरी गेला.

रविवारी लेक आली. मास्तरीणबाई पलंगावर पडून म्हणाल्या, "मुलांवर प्रयोग करून हौस फिटली नाही, आता माझी पाळी." मास्तरांनी बटण दाबलं. मोटार गुरगुरली, डोक्याकडची बाजू उचलली गेली, आणि निम्म्यावर सगळं गप्प झालं. ना वर, ना खाली. मास्तर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. त्या अर्धवट उतारावर मास्तरीणबाई एका अंगाला घसरल्या, आणि त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

मास्तरांनी बटण टाकलं आणि मास्तरीणबाईंच्या काखेत हात घातले. उचलायला गेले, पण हातांनी ऐकलं नाही. खांदे थरथरले, बोटं सुटली. त्यांनी दुसऱ्यांदा जोर लावला, तेव्हा लेकीने त्यांना हलकेच बाजूला केलं, आईला छातीशी धरून सरळ बसवलं आणि पाठीशी उशा कोंबल्या. श्वास ताळ्यावर येईपर्यंत ती आईला धरून राहिली.

मग मास्तर पलंगाखाली वाकले. बोर्डाला हात लावला, तर चटका बसला. मोटार निव्वळ चालताना तीन अँपिअर ओढते खरी, पण वजन अंगावर घेऊन सुरू होताना, किंवा अडून बसली की, त्याच्या चौपट ओढते. बोर्ड तापला आणि जळू नये म्हणून त्याने स्वतःला बंद करून घेतलं. गार झाल्यावर तो परत चालला असता. हे सगळं मास्तरांना ठाऊक होतं, त्यांनीच ते पोरांना शिकवलं होतं. मोटार क्षणभर घट्ट अडवून धरा, मीटर काय दाखवतो ते बघा, आणि बोर्ड त्या आकड्यावर निवडा.

ते खुर्चीवर बसले आणि लेकीला सावकाश सांगू लागले, वर्गात सांगायचे तसंच. शाळेत पोरांच्या हाती ते मुद्दाम असाच लहान बोर्ड द्यायचे. पोरांची बोटं चाकात अडकतात, तारा उलट्या लागतात. तिथे जो बोर्ड लवकर हार मानतो तोच भला. इतकी वर्षं तेच केलं, म्हणून इथेही हात त्याच खोक्याकडे गेला. आता मोठा हवा, पंधरा-वीस अँपिअर सतत सोसणारा, मोटारीला झटका न देता हळूहळू वेग देणारा. दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवेल. तो क्षणभराचा असतो, त्याला भुलायचं नाही. सतत किती सोसतो, ते विचारायचं.

"बोर्डाचं कळलं, बाबा," लेक म्हणाली. "आणि तुमचं?"

मास्तरांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"मला झेपत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. सांगितलं असतं, तर तू हिला घेऊन गेली असतीस."

"मला माहीत होतं," पलंगावरून मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचे हात माझ्या पाठीला लागतात, भिंतीला नव्हे. मी पाय रोवून स्वतःच उठत होते, तुम्हाला वाटावं की तुम्हीच उचललंत."

लेक पाठमोरी होऊन खिडकीशी उभी राहिली. वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. आई इथेच राहील, म्हणाली, पण दोघांवर सोडून नाही. सकाळ-संध्याकाळ एक बाई मदतीला येईल. पलंगाला हाताने फिरवायचा दांडाही बसेल, कारण वीज काही कुणाची मिंधी नाही. आणि आजपासून या घरात कुणी कुणाला बसतं करायचं सोंग करणार नाही.

नवा बोर्ड लेकीनेच आणला. दुकानदाराला तिने इतकं खोदून विचारलं, की त्याने विचारलं म्हणे, ताई, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात का. बसवण्याआधी मास्तरांनी मोटार शिकंज्यात पकडून क्षणभर अडवून धरली, लेकीने मीटर वाचला, आणि तो आकडा ऐकून मास्तरांनी मान डोलावली.

मग मास्तरीणबाई पलंगावर आडव्या झाल्या. बटण लेकीच्या हातात होतं. पलंग हळूहळू उचलला जाऊ लागला, तसे मास्तर सवयीने अर्धे उठले. मग त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि परत खाली बसले.