तिसऱ्या खिडकीचं काम

गुरुवारी बाबा तिच्या घरी आले आणि नेहमीसारखे उभ्यानंच चहा प्यायले. जो प्रार्थनेकडे फिरकत नाही त्याच्या घरी बसून काही घ्यायचं नाही, असा त्यांच्या पंथाचा नियम होता.

"उभ्यानं घेण्याबद्दल काही लिहिलेलं नाही," म्हणत त्यांनी कप पुन्हा पुढे केला. जन्मभर प्लंबरचं काम केलेलं, फट कुठे आहे ते त्यांना बरोबर सापडे. "अकरा वर्षं झाली. लोक विचारतात तुझ्याबद्दल. काय सांगू?"

"सांगा, वेळ मिळत नाही."

"तेच सांगत आलोय," ते म्हणाले आणि तिच्या नळाचं वॉशर बदलून गेले.

शुक्रवारी दुपारी कामावर असतानाच ते गेले.

ती पोचेपर्यंत पंथातल्या माणसांनी सगळं हातात घेतलं होतं. कुणी हॉस्पिटलचे कागद आणले, कुणी आत्याला धरून बसलं होतं. बाबांचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला दोघं पाने-पक्कड घेऊन गेलेसुद्धा. तिच्या ऑफिसातून एक मेसेज आला होता, दोन ओळींचा.

पंथाच्या सभागृहाच्या दाराशी फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक काम. ज्यानं तोंडानं नकार दिलेला नाही, त्याचं काम दुसऱ्या कुणी करायचं नाही. तिसऱ्या खिडकीच्या सफाईपुढे अजून तिचंच नाव होतं आणि काचेवर अकरा वर्षांची धूळ. सगळ्यांच्या डोळ्यांत रोज खुपेल अशी जागा आपल्यासाठी राखून ठेवणाऱ्यांना सोडून माणूस जाणार तरी कसा?

पडद्यामागे बाबांना ठेवलं होतं. तिथे पंथातल्यांनीच बसायचं. सगळे ज्यांना मास्तर म्हणत, ते पंथाचे प्रमुख तिच्यापाशी आले.

"तुझं नाव आम्ही पुसलेलं नाही, पोरी. 'प्रार्थनेला येते' एवढं म्हण आणि आत जा. नाही म्हणालीस, तर पुसावं लागेल. मग बाहेरच्या बाकावर."

"म्हणून टाक ना," आत्या कुजबुजली. "जीभ झिजणार आहे का? पुढचं पुढे बघू."

शब्द ओठांवर आला होता. तिला अक्षरं शिकवणाऱ्या बायका समोर उभ्या होत्या. तिनं खोटं सांगितलं असतं तरी एकीनंही खोदून विचारलं नसतं.

"पुसा नाव, मास्तर," ती म्हणाली. मग पडद्याकडे वळून, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "बाबा, वेळ होता मला. इथे डोळे मिटून बसायचे आणि काहीच व्हायचं नाही. लहानपणापासून. माझा विश्वास नाही, हे तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."