मोठा एस

दुपारचं जेवण झालं की आमच्या घरात कोणतं साल चालू आहे, ते आई ठरवते. आज ती टाइप फाउंड्रीत होती. म्हणजे बसली होती खिडकीजवळच्या खुर्चीतच, गुडघ्यांवर शाल घेऊन. पण फाउंड्री बंद पडून जमाना झाला, हे तिला कोण सांगणार? मी तर नाही बाबा. एकदा सांगून बघितलं होतं, दिवसभर रडत होती.

त्या फाउंड्रीत आई छपाईची अक्षरं रेखाटायची. सगळे तिला बाई म्हणत. तिथंच तिनं इंग्रजी अक्षरांचा एक काळाकुट्ट गॉथिक टाइपफेस, म्हणजे एकाच वळणाचा अख्खा अक्षरसंच, काढायला घेतला होता. रुंद निबाच्या टाकानं काढलेली दाट, टोकदार अक्षरं. गोलाई यायची तिथं रेघ मोडून कोपरा केलेला. दुकानाच्या पाटीवर, वर्तमानपत्राच्या माथ्यावर मिरवायची अक्षरं ती. पुस्तकभर लावली तर वाचणारा डोकं धरून बसेल. फाउंड्री बंद पडली, कागद घरी आले, आणि एकच अक्षर काढायचं राहून गेलं. मोठा एस.

मीही आता हेच काम करते. एका वर्तमानपत्राला नावासाठी आईचाच टाइपफेस हवाय, आणि नाव सुरू होतं नेमकं एसनं. आहे की नाही कमाल? संपादक सारखे फोन करतात. पण खरं सांगू? संपादक गेले खड्ड्यात. आईला कळतंय तोवर तिचं काम पुरं व्हावं आणि ते तिनं बघावं, एवढ्याचसाठी माझा जीव वरखाली होतोय. आईचं कळणं दिवसेंदिवस पातळ होत चाललंय. मला तर ती ओळखतच नाही. तिच्या लेखी मी फाउंड्रीतली नवीन मुलगी.

खोलीभर तिचे कागद टाचलेत. पडद्यातून ऊन आलं की काळ्या रेघा मागं सरकतात आणि मधली पांढरी जागाच पुढं येते. बघत बसलं की डोळे जड होतात. मग मलाही वाटायला लागतं, आपण खरंच नवीन आहोत, आज पहिलाच दिवस, बाई काय म्हणतील कोण जाणे.

"बाई, हा एस बघता का?"

तिनं कागद उलटा धरला. तिची पद्धतच ती. अक्षर उलटं केलं की वाचता येत नाही, नुसता आकार उरतो.

"आतली पांढरी जागा पट्टीनं मोजून सारखी केलीस ना?"

"हो."

"टोकं घुसतात गं त्या जागेत. मापाला सारखी, पण डोळ्याला कोंदट. डोळे काय गहाण टाकलेस?"

माझा पारा चढला. केस पिकले माझे या धंद्यात! पण बाईंचं बरोबर होतं, काय करता? पट्टी फेकली आणि नुसत्या नजरेनं पुन्हा काढला. या वेळी आईनं कागद उलटा धरला, डोळे बारीक केले, मग सुलटा केला. कितीतरी वेळ बघत राहिली.

"झकास आलाय."

मला अगदी उडी मारावीशी वाटली. "मग लावू भिंतीवर?"

"नको."

"आता का नको?"

"हे अक्षर मी माझ्या मुलीसाठी ठेवलंय. ती काढणार. तू राग मानू नकोस हं."

माझा टाक हातातच राहिला. म्हणजे राहून गेलं नव्हतं ते.

"येणार आहे का तुमची मुलगी?"

"न यायला काय झालं? तापट आहे कार्टी, कशावरूनही फणफणते. पण हात माझ्यापेक्षा चांगला आहे तिचा. तिला सांगू नकोस, डोक्यावर चढून बसेल."

जन्मात मला कधी असं म्हणाली नव्हती ती.

"आई, अगं मीच ती!"

ती दचकली. मग परक्या माणसाशी हसावं तशी हसली. "खुर्ची मोकळी कर बघू. तिची यायची वेळ झाली."

मी उठले. चपला घातल्या, बाहेर गेले, दार लोटून घेतलं. जिन्यावर उभी राहून मनसोक्त रडले. मग बाहीनं तोंड पुसलं आणि बेल वाजवली.

"ये, ये, उघडंच आहे!"

आत गेले. आईनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग शाईनं माखलेल्या बोटांकडं.

"किती वाट बघायला लावतेस गं! ती नवीन मुलगी तुझ्या खुर्चीत बसली होती. उठवलं मी तिला."

"बरं केलंस, आई," मी म्हटलं.

तिनं कोरा कागद माझ्याकडं सरकवला.