पॅनलवरची मोकळी जागा

बुरुलायने ओश शहरातल्या शिक्षकाचा सर्किट बोर्ड संगणकाच्या पडद्यावर उचलला, अर्धा वळवला आणि हवामान केंद्रातल्या बाईंच्या लांबट बोर्डाशेजारी नेऊन ठेवला. बसला. दोघांमध्ये करवत फिरेल एवढीच फट उरली.

"माझी आई लोकरीची जाजमं अशीच कापायची," मागून रिस्कुल एजे म्हणाली. वयाने मोठी म्हणून सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. तिच्या मांडीवर छोट्या खोक्यांचा ढीग होता. "चिंधी वाया गेली तर दिवसभर स्वतःलाच शिव्या घालायची. आणि मग आम्हाला."

बुरुलायने मान हलवली. ऐकलं, एवढंच त्यातून कळत होतं.

बिश्केकच्या त्या जुन्या शिवणकारखान्याच्या इमारतीत त्यांची दोन खोल्यांची कार्यशाळा होती. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी मधमाश्यांच्या पेट्यांसाठी काही बनवत असे, कुणी शाळेतल्या मुलांसाठी. पण मुठीएवढ्या सर्किट बोर्डासाठी अख्खं पॅनल करून घेणं एकट्यादुकट्याला झेपत नसे. म्हणून बुरुलाय सगळ्यांची डिझाइन्स तपासून एकाच पॅनलवर दाटीवाटीने मांडायची आणि ते चीनमधल्या कारखान्याकडे पाठवायची. तयार होऊन आलं की रिस्कुल एजे तुकडे वेगळे करून ज्याचे त्याला धाडायची. उद्यापासून तो कारखाना त्यांच्या नव्या वर्षासाठी बंद होणार होता. पॅनल आजच जायला हवं होतं.

खालच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढी जागा मोकळी राहिली. बुरुलायने बोर्ड इकडचे तिकडे करून पाहिले. जागा नुसती सरकत राहिली. शेवटी तिने थांबलेल्या डिझाइन्समधून या मापाचं काही आहे का, हे प्रोग्रॅमलाच शोधायला लावलं.

एकच नाव आलं. एर्मेक.

रिस्कुल एजे खांद्यावरून वाकून पाहत होती. तिने नाव वाचलं, सरळ झाली आणि आपल्या खुर्चीकडे परत गेली. खोकी मांडीवर घेतली, पण चिकटपट्टीला हात लावला नाही.

एर्मेक बुरुलायचा नवरा. शरद ऋतूत गावाहून परतताना सुसामीरच्या घाटात त्याची गाडी घसरली आणि तो गेला. शोकासाठी उभारलेल्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बुरुलायने रीतीप्रमाणे विलापगीत म्हणायला हवं होतं. बायका वाट पाहत राहिल्या. तिच्या तोंडून सूर फुटला नाही, रडूही आलं नाही. शेवटी सासूनेच मुलासाठी आणि सुनेच्या वतीनेही गायलं. कुणीतरी म्हणालं, पोरीचं काळीज दगडाचं आहे. बुरुलायने ते ऐकलं आणि तेही तिला लांबून कुठून तरी आल्यासारखं वाटलं. पुढच्या आठवड्यात ती कामावर आली. काम आधीपेक्षा भराभर होऊ लागलं. समोर ताट ठेवलं की जेवायची, नाही ठेवलं तर नाही.

तिने फाइल उघडली. एका जागी तांबडी खूण होती. अर्थिंगची रेघ एका टोकाला सुटलेली. ही खूण तिने आधीही पाहिली होती. ठरलेला निरोप तिनेच त्याला इथून धाडला होता : 'एक रेघ जोडलेली नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.' त्या संध्याकाळी घरी बटाटे सोलता सोलता तो म्हणाला होता, "बाईसाहेब, रविवारी करून देतो." रविवार यायच्या आत तो गावाला निघाला होता.

बोर्डावर मोटरची जागा होती, पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचीही. बुरुलायने थोडा वेळ पाहिलं आणि फोन उचलला.

"अता, मी बुरुलाय." सासऱ्यांना ती अता म्हणत असे.

"बोल बाळा. जेवलीस का?"

"जेवले." ती जेवली नव्हती. "एर्मेक तुमच्यासाठी पाटाच्या दाराचं काही करत होता का?"

पलीकडे गाय हंबरली.

"म्हणाला होता खरा. पाण्याची पाळी आली की दार आपोआप उघडेल, तुम्हाला अंधारात उठायला नको. मी म्हटलं, माझे गुडघे अजून शाबूत आहेत, तू आधी आपल्या घराचं छप्पर बघ."

"ते करून घेऊ का?"

"बाळा... शेत यंदा शेजाऱ्याला कसायला दिलंय. तुला सांगायचंच राहिलं. आता पाणी त्याचं तो बघेल."

"बरं."

"त्याचं काही चुकलं होतं का त्यात?"

"एक रेघ जोडायची राहिली होती."

"घाईचा होता," अता म्हणाले. "शाळेतली गणितंसुद्धा उत्तर न लिहिताच टाकून पळायचा." ते हसायला लागले, पण ते हसू मध्येच तुटलं. "थंडी फार आहे. डोकं झाकून जात जा."

फोन ठेवून बुरुलाय पडद्याकडे वळली. मग तिने ती रेघ पकडली. कडेकडेने नेली असती तर नीट दिसली असती. तिने स्वतः तशीच नेली असती. एर्मेक नेहमी मधूनच तिरपी वाट काढायचा आणि ती त्याला म्हणायची, मेंढरू तरी रस्त्याने जातं. तिने रेघ मधून, तिरपी नेली. तांबडी खूण गेली. तिने बोर्ड उचलून मोकळ्या कोपऱ्यात ठेवला.

उलान फोनवर काहीतरी टाइप करत आतल्या खोलीतून आला. कार्यशाळा त्याचीच. एर्मेक आणि तो एका वर्गातले.

"झालं पॅनल? हे कुणाचं दुरुस्त केलंस? आपण दुसऱ्याच्या डिझाइनला हात लावत नाही बरं का. मालकाला विचारलंस?"

मग त्याने नाव पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"विचारलं," बुरुलाय म्हणाली. "घाई कर म्हणाला."

रिस्कुल एजेच्या तोंडून फस्सकन हसू निसटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. उलानने फोन खिशात टाकला.

"पाठव," तो म्हणाला. "तयार होऊन आलं की कुणाकडे द्यायचं?"

"माझ्याकडे."

तिने पॅनल पाठवलं, संगणक बंद केला आणि कोट चढवला.

रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता. मार्श्रुत्का, म्हणजे शहरातली छोटी बस, खच्चून भरलेली होती, तरी मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा दिली. बाकाखालून हीटरची गरम हवा येत होती. दोन चौक मागे पडले आणि बुरुलायच्या पायाची बोटं दुखू लागली. आधी एक, मग सगळीच. कुणी चिमट्यात धरून पिळावीत तशी. तिने बाकाची कड घट्ट धरली.

"काय होतंय गं?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आपा. पाय दुखतायत."

म्हातारीने वाकून तिचे बूट पाहिले. ते आतपर्यंत भिजले होते.

"अगं, हे काय आत्ता भिजलेत? सकाळपासून अशीच फिरतेयस?"

"असेन," बुरुलाय म्हणाली. तिला आठवत नव्हतं. म्हातारीने आपली पिशवी सरकवून हीटरच्या समोरची जागा मोकळी केली, आणि बुरुलायने दोन्ही पाय तिथे नेऊन ठेवले. आता ते आणखीच दुखू लागले. तिने ते मागे घेतले नाहीत.